नऊशेचे नऊशे छत्तीस : सोलापुरातल्या एका भाडेवाढ नोटिशीचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं दुमजली घर आहे. रस्त्याच्या अंगाला दुकानाचा गाळा, मागे आणि वर मालकीणबाईंचं राहणं. गाळ्यात शाळेच्या गणवेशांची शिलाई चालते. १९८५ साली आत्ताच्या भाडेकरूच्या वडिलांनी हा गाळा मालकीणबाईंच्या सासऱ्यांकडून तोंडी बोलीवर घेतला. करारपत्र झालं नाही, पागडीही नव्हती. दोन्ही घरांतली ती पिढी आता गेली. इकडे मालकीणबाई म्हणजे काकू आणि तिकडे भाडेकरू अण्णा, एवढ्या दोघांत व्यवहार उरला आहे.

मी दस्तलेखनाचं काम करतो. २०२५ ची दिवाळी झाल्यावर काकू माझ्याकडे आल्या त्या एक टाइप केलेली नोटीस घेऊन. पुढे जे झालं ते सविस्तर लिहितो आहे, कारण जुन्या गाळ्यांचे असे मालक सोलापुरात पेठापेठांत आहेत आणि बहुतेकांची नोटीस त्याच त्याच ठिकाणी अडते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आणलेला मसुदा

गाळ्याचं भाडं महिना ९०० रुपये. काकूंच्या पुतण्याने तयार केलेल्या नोटिशीत लिहिलं होतं, की १ एप्रिल २०२५ पासून भाडं दरमहा ५,००० रुपये करण्यात येत आहे, एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांचा फरक २८,७०० रुपये १५ दिवसांत भरावा, नाहीतर गाळा रिकामा करावा, आणि तोपर्यंत वीज तोडण्यात येईल. विजेचा मीटर काकूंच्या सासऱ्यांच्या नावावर होता, त्यामुळे शेवटची धमकी पुतण्याला सगळ्यात सोपी वाटली असावी.

काकूंचं म्हणणं ऐकल्यावर तो राग कुठून आला ते कळलं. त्यांच्या घरापासून दोन इमारती सोडून एका बँकेची शाखा आहे आणि तिथल्या मालकाला मिळणारं भाडं मध्यंतरी बरंच वाढलं. त्यांच्या बहिणीचा जुळे सोलापुरात फ्लॅट आहे, तिथे दर अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढ ठरलेली. ‘‘मग माझंच काय चुकलं?’’ हा त्यांचा प्रश्न. एकट्या बाईला घरपट्टी भरायची, गळकी गच्ची सांभाळायची आणि रस्त्यावरच्या गाळ्याचे नऊशे रुपये घ्यायचे, यात अन्याय वाटला तर त्यात नवल नाही. तो राग मी खोडून काढला नाही. मात्र बँक, बहिणीचा फ्लॅट आणि काकूंचा गाळा या कायद्याच्या तीन वेगवेगळ्या खणांतल्या गोष्टी आहेत, हे आधी सांगणं भाग होतं.

काकूंच्या गाळ्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा होता आणि त्यात भाडी इतकी गोठली होती, की डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात ती गोठवणूक काळाच्या ओघात मनमानी झाल्याचं म्हटलं. नवा कायदा त्या पार्श्वभूमीवर आला आणि मालकाला पहिल्यांदाच दरसाल ठरावीक वाढीचा हक्क मिळाला. पण याच कायद्याच्या कलम ३ ने काही भाडेकरूंना संरक्षणाबाहेर ठेवलं आहे : बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती, आणि ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे अशा कंपन्या. त्यामुळे शेजारच्या बँकेचं भाडं करारावर चालतं. बहिणीचा फ्लॅट भाड्याने दिलेलाच नाही, तो लिव्ह अँड लायसन्सवर आहे. तिथे वाढ करारातल्या कलमाने होते आणि मुदत संपली की नवा करार करायचा की नाही हे मालकाच्या हातात असतं. अण्णा मात्र भाडेकरू आहेत, आणि वडिलांसोबत त्याच गाळ्यात धंदा करत असल्यामुळे वडिलांच्या पश्चातही भाडेकरूच राहतात.

पुतण्याने इंटरनेटवरून घेतलेल्या नमुन्यात ‘आदर्श भाडेकरार कायदा’ असाही उल्लेख होता. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेला तो एक नमुना आहे. राज्याने स्वतः तसा कायदा केल्याशिवाय तो इथे लागू होत नाही. तो उल्लेख काढून टाकला.

वीज तोडण्याचं वाक्य तर मी काकूंच्या समोरच लाल पेनने खोडलं. पाणी, वीज यांसारखा आवश्यक पुरवठा मालकाने बंद करणं कलम २९ खाली गुन्हा आहे. तशी धमकी स्वतःच्या सहीने लिहून देणं म्हणजे अण्णांच्या वकिलाला पहिला पुरावा पोचता करणं. १५ दिवसांचंही तसंच. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली मासिक भाडेपट्टा संपवण्याची मुदत कुणीतरी उचलून इथे चिकटवली होती. भाडे नियंत्रणाखालचा गाळा तसा रिकामा होत नाही.

आकडा कोणता लिहायचा

खरं काम इथे होतं. महाराष्ट्रात या वाढीसाठी सरकारने ठरवून दिलेला छापील फॉर्म नाही. मालकाने साध्या कागदावर लिहायचं असतं. त्यामुळे नोटिशीची सगळी भिस्त त्यातल्या आकड्यावर आणि तो कसा काढला यावर राहते.

सासऱ्यांचं पावतीपुस्तक काकूंनी जपून ठेवलं होतं, आणि या प्रकरणात त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. पिवळ्या पडलेल्या स्थळप्रती, कार्बनची निळी अक्षरं, ऑक्टोबर १९८७ च्या पावतीवर ७०० रुपये. ही पावती मोलाची, कारण जिथे न्यायालयाने आधी प्रमाणभूत भाडं (कायद्याने मान्य केलेलं मूळ भाडं) ठरवलेलं नाही तिथे १ ऑक्टोबर १९८७ रोजी जे भाडं चालू होतं ते कायदा पायाला धरतो. २०१० साली काकूंच्या यजमानांनी आणि अण्णांच्या वडिलांनी बसून ते ९०० केलं. त्यानंतर वाढ नाही, आणि २०१४ पासून पावत्याही नाहीत.

कलम ११ म्हणतं, की मालकाला भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करण्याचा हक्क आहे. एवढ्या एका वाक्यातून काकूंच्या गाळ्याचे किती आकडे निघतात ते पाहा. ७०० वर २००० पासून पंचवीस वर्षं सरळ ४ टक्के धरले तर १,४०० रुपये. चक्रवाढीने धरले तर सुमारे १,८६६. २०१० च्या ९०० पासून चक्रवाढीने आलात तर सुमारे १,६२१. आणि आज चालू असलेल्या ९०० वर फक्त या वर्षाची वाढ घेतली तर ३६ रुपये, म्हणजे ९३६.

काकूंचा चेहरा उतरला. पाच हजारांवरून छत्तीस रुपयांवर येणं सोपं नसतं. तरीही मी आणि आम्ही ज्यांचा सल्ला घेतला ते वकील, दोघांचंही मत ९३६ वरच पडलं. त्याची कारणं इथे नीट मांडतो.

कलमाची भाषा ‘वाढ करण्याचा हक्क असेल’ अशी आहे. हक्क वापरावा लागतो. पंधरा वर्षं तो न वापरता एकदम सगळी वाढ मागितली, की सरळ व्याज की चक्रवाढ, मधली वर्षं धरायची की नाही, असे दोन वाद तुम्ही स्वतः उभे करता. दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा आकडा नोटिशीत घातला, की समोरचा माणूस ‘हा आकडाच मान्य नाही’ म्हणतो, कलम ८ खाली प्रमाणभूत भाडं ठरवून मागायला दिवाणी न्यायालयात जातो, आणि तोवर त्याला जुनं भाडं देत राहायला निमित्त मिळतं. शिवाय परवानगीपेक्षा जास्त भाडं मागणं किंवा घेणं हे कलम १० प्रमाणे बेकायदा आहे, त्याला शिक्षेचीही तरतूद आहे. पाच हजारांची मागणी थेट तिथे जाऊन बसली असती.

९३६ ला मात्र कुणालाही हात लावता येत नाही. ९०० हे दोन्ही बाजूंनी पंधरा वर्षं मान्य केलेलं भाडं. ते ७०० वर २०१० पर्यंतच्या कायदेशीर वाढीच्या आतच बसतं, कारण दहा वर्षांची सरळ वाढ धरली तरी ९८० पर्यंत जाता आलं असतं. त्यावर एका वर्षाचे ४ टक्के. चौथीतल्या मुलालाही पडताळता येईल असा हिशेब. आणि हा आकडा बिनचूक असल्यामुळे त्यामागे कायदा उभा राहतो : कलम १५ चं संरक्षण भाडेकरूला प्रमाणभूत भाडं आणि ‘अनुज्ञेय वाढ’ (कायद्याने परवानगी दिलेली वाढ) दोन्ही द्यायला तयार असण्याच्या अटीवर मिळतं. रास्त मागितलेले ३६ रुपये महिनोन्‌महिने नाकारले तर ती थकबाकी होते, आणि थकबाकीची लेखी मागणी पोचल्यापासून ९० दिवस उलटल्यावर मालकाला दावा लावता येतो. चुकीच्या पाच हजारांनी हे बळ कधीच मिळालं नसतं.

मधल्या वर्षांचं काय? वकिलांनी एक वाक्य घालायला सांगितलं, की मागील वर्षांच्या वाढीबाबतचे हक्क राखून ही नोटीस देत आहे. मागणी नाही, पण सोडूनही दिलेलं नाही. मला ते पटलं.

घरपट्टीचा वेगळा कागद

काकूंची दुसरी तक्रार घरपट्टीची होती. महापालिकेचं वार्षिक बिल ५,२०० वरून ८,३२० वर गेलं होतं. कलम १२ प्रमाणे सरकारी किंवा स्थानिक संस्थेचा कर नव्याने बसला वा वाढला तर मालकाला तेवढी वाढ भाड्यात घेता येते, वाढलेल्या कराच्या रकमेपेक्षा जास्त नाही. पुतण्याने वाढ ३,१२० काढली, तिचे दोन भाग केले आणि अण्णांच्या वाट्याला महिना १३० रुपये लावले.

माझा आग्रह होता की हे त्याच नोटिशीत घालू नये. ४ टक्क्यांत वादाला जागा नाही, घरपट्टीच्या वाटणीत आहे. दोन्ही एका कागदावर आले तर घरपट्टीवरचा आक्षेप पूर्ण कागदावरचा आक्षेप होतो. म्हणून पहिल्या नोटिशीत फक्त वार्षिक वाढ, आणि घरपट्टीचं दुसरं पत्र, सोबत बिलांच्या झेरॉक्स. थकबाकी, दुरुस्ती, गाळ्याचा वापर, मुलाला भविष्यात दुकान टाकायचं आहे वगैरे काहीही यात आणायचं नाही, असं काकूंना दोनदा सांगावं लागलं. नोटीस लिहायला बसलं की माणसाला वर्षानुवर्षांचं सगळंच बोलून घ्यावंसं वाटतं.

कुणी कुणाला

मिळकत पत्रिकेवर काकू, पुण्यातला मुलगा आणि लग्न झालेली मुलगी अशी तिघांची नावं. कायद्यात जो भाडं घेतो किंवा घ्यायला हक्कदार आहे तो मालक, त्यामुळे काकूंची एकटीची सही चालली असती. तरी दोन्ही मुलांचं साधं संमतीपत्र घेतलं आणि नोटिशीत त्यांचा उल्लेख केला. उद्या अण्णांना ‘बाकीच्या मालकांनी मला काही सांगितलं नाही’ असं म्हणायची सोय राहू नये.

भाडं गेली काही वर्षं पुतण्याच्या मोबाइलवर फोनपेने येत होतं. हे आधी बंद केलं. काकूंच्या बँक खात्याचा तपशील नोटिशीत दिला आणि नवं पावतीपुस्तक आणलं. मिळालेल्या भाड्याची पावती देणं कलम ३१ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. अकरा वर्षं पावती न देणाऱ्या मालकाने कायद्याचा हवाला देऊन वाढ मागावी, हे न्यायालयात शोभत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या भाड्याची पावती नोटिशीच्या आधी अण्णांच्या हातात पडली.

मग मजकूर. तो असा ठरला :

*दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५*

*प्रति, श्री. …, भाडेकरू, तळमजल्यावरील दुकानगाळा, घर क्र. …, सोलापूर.*

*विषय : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ११ अन्वये वार्षिक भाडेवाढ.*

*सदर गाळा आपले वडील कै. … यांनी १९८५ पासून भाड्याने घेतला असून त्यांच्या पश्चात आपण भाडेकरू आहात. गाळ्याचे सध्याचे भाडे दरमहा रु. ९०० आहे व ते आपण ऑक्टोबर २०२५ अखेर भरले आहे.*

*वर नमूद कलमानुसार मी भाड्यात वार्षिक ४ टक्के वाढ करीत आहे. हिशेब : रु. ९०० वर ४ टक्के = रु. ३६, सुधारित भाडे दरमहा रु. ९३६ (अक्षरी नऊशे छत्तीस). हे भाडे १ जानेवारी २०२६ पासून लागू राहील. त्या तारखेपूर्वीच्या महिन्यांसाठी वाढीव रक्कम या नोटिशीद्वारे मागितलेली नाही.*

*मागील वर्षांतील अनुज्ञेय वाढीबाबतचे माझे हक्क राखून ही नोटीस देत आहे. ही नोटीस गाळा रिकामा करण्याबाबत नाही. भाडेपट्ट्याच्या इतर अटी पूर्वीप्रमाणे राहतील.*

*भाडे पुढील खात्यावर भरावे : … . प्रत्येक भरण्याची पावती देण्यात येईल. हिशेबाबाबत काही म्हणणे असल्यास कृपया लेखी कळवावे.*

*स्वतःसाठी व सहमालक श्री. … व सौ. … यांच्या संमतीने,*
*(सही)*

‘ही नोटीस गाळा रिकामा करण्याबाबत नाही’ हे वाक्य काकूंना नको होतं. मी ते ठेवायला लावलं. नोटीस हा शब्द ऐकला की जुना भाडेकरू घाबरतो आणि पहिल्यांदा वकील गाठतो. मग साध्या छत्तीस रुपयांच्या कामाला दोन वकील लागतात. माणूस न घाबरता कागद वाचू शकला तर उत्तरही कागदावरच देतो.

तारखेचंही सांगतो. या वाढीसाठी किती दिवस आधी कळवावं हे कलम ११ मध्ये लिहिलेलं नाही. तरी मधे पूर्ण डिसेंबर सोडला. मागच्या तारखेपासून मागायचं नाही हे तर ठरलंच होतं.

पोचवणं

थकबाकीच्या नोटिशीसाठी कायदा मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ ची रीत सांगतो : लेखी, सही केलेली, आणि टपालाने किंवा त्या व्यक्तीच्या, तिच्या कुटुंबातल्या कुणाच्या वा नोकराच्या हाती. भाडेवाढीलाही आम्ही तीच रीत धरली. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, हे अजून बऱ्याच जणांना ठाऊक नाही आणि ते खिडकीवर जाऊन ‘आरपीएडी’ (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) मागतात. आता स्पीड पोस्टालाच नोंदणी आणि पोचपावती जोडून घ्यायची. पाकिटाची पावती आणि पोचीचा कागद, दोन्ही नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवले.

टपाल टाकायच्या आदल्या संध्याकाळी काकू स्वतः गाळ्यात गेल्या आणि एक प्रत हातात देऊन आल्या. कायद्याला त्याची गरज नव्हती. पण चाळीस वर्षं एका भिंतीच्या अलीकडे पलीकडे राहिलेल्या माणसाला पोस्टमनकडून पहिल्यांदा कळावं, हे काकूंनाच बरं वाटेना. त्या गेल्या ते चांगलं झालं.

अण्णांचं उत्तर

अण्णांनी नोटीस वाचून पहिल्या कागदावर काही हरकत घेतली नाही. ‘‘छत्तीस रुपयाला काय बोलू ओ काकू,’’ म्हणाले, आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाली’ लिहून सही, तारीख केली.

घरपट्टीच्या पत्राला मात्र आठ दिवसांनी त्यांचं लेखी उत्तर आलं, नीट आणि मुद्द्याचं. काकूंनी वरच्या मजल्यावर मधे एक खोली वाढवली होती. बिल वाढण्याचं एक कारण ती खोलीही आहे, तिचा कर माझ्या अंगावर कसा, असं त्यांनी विचारलं होतं. रास्त प्रश्न. आकारणीचा तपशील काढून आणला तेव्हा ३,१२० पैकी १,४४० नव्या खोलीचे निघाले. गाळ्याची आकारणी वेगळी दाखवलेली होती : आधी वर्षाला २,१००, आता २,९४०. फरक ८४०, महिना ७० रुपये. पुतण्याचा १३० चा आकडा गळून पडला.

दोन कागद वेगळे ठेवल्याचा उपयोग नेमका इथे झाला. घरपट्टीची रक्कम दुरुस्त करून नवं पत्र दिलं, अण्णांनी ते मान्य केलं, आणि या सगळ्यात ९३६ ची नोटीस जागची हलली नाही. जानेवारीपासून पावतीवर दोन ओळी येतात : भाडे ९३६, वाढीव घरपट्टी ७०, एकूण १,००६. ओळी वेगळ्या ठेवणं गरजेचं आहे, कारण पुढच्या वर्षीचे ४ टक्के फक्त ९३६ वर लागतील, ७० वर नाही.

समजा अण्णांनी जानेवारीत जुने ९००च पाठवले असते, तर ते परत करायचे नव्हते. ‘हक्क अबाधित ठेवून, येणे रकमेपोटी जमा’ असा शेरा मारून पावती द्यायची आणि उरलेल्या ३६ ची नोंद ठेवायची, असं काकूंना आधीच लिहून दिलं होतं. पैसे परत केले की भाडेकरू ‘मी द्यायला तयार होतो’ म्हणायला मोकळा होतो.

न्हाणीघराचं बोलणं

याच गाठीभेटींत एक गोष्ट बाहेर आली. गाळ्यात चार बायका मशिनवर काम करतात आणि त्यांना शौचासाठी पलीकडच्या गल्लीतल्या नातलगाकडे जावं लागतं. अण्णा दोन वर्षं काकूंकडे मागच्या बोळात संडास-न्हाणीघर बांधून मागत होते आणि काकू भाडं वाढत नाही म्हणून टाळत होत्या. दोघांचं म्हणणं खरं, आणि दोघांनाही कलम ११ चा पुढचा भाग माहीत नव्हता. नुसती डागडुजी करणं हे कलम १४ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे, त्यासाठी भाडं वाढवून मागता येत नाही. गच्चीची गळती त्यात येते. पण भाडेकरूंपैकी ७० टक्क्यांच्या लेखी संमतीने जागेत सुधारणा केली, तर त्या खर्चाच्या दरसाल १५ टक्क्यांपर्यंत भाडं वाढवता येतं. इथे भाडेकरू एकच, म्हणजे अण्णांची संमती पुरेशी.

गवंड्याचा अंदाज ४०,००० रुपयांचा आला. त्याचे १५ टक्के वर्षाला ६,०००, महिना ५००. ज्या काकू छत्तीस रुपयांवर नाराज होऊन उठल्या होत्या त्यांना कायद्याच्या आतून मिळू शकणारी ही सगळ्यात मोठी वाढ, आणि तीही भाडेकरूने आपणहून मागितलेल्या कामातून. नोटीस पाठवायच्या आधी भाडेकरूला काय हवं आहे हे विचारायला हवं, असं मला या प्रकरणापासून फार वाटतं. बहुतेक मालक विचारत नाहीत, कारण विचारलं की काहीतरी द्यावं लागेल अशी भीती असते.

संमतीपत्राचा मसुदा मी केला आहे. त्यात कामाचं वर्णन, अंदाजी खर्च, प्रत्यक्ष खर्चाच्या बिलांच्या प्रती भाडेकरूला देण्याची हमी, वाढ प्रत्यक्ष खर्चावर आणि काम पूर्ण होऊन वापर सुरू झाल्याच्या पुढच्या महिन्यापासून, एवढंच आहे. अण्णांनी एक अट घालायला सांगितली, की काम मे-जूनच्या आधी उरकावं; शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांची घाई असते आणि तेव्हा दारात वाळू-विटा पडल्या तर धंदा बसतो. ती अट घातली. महापालिकेची बांधकामाची परवानगी लागेल का हे काकू अभियंत्याकडून लेखी घेणार आहेत, आणि ते हाती आल्याशिवाय गवंड्याला विसार द्यायचा नाही असं ठरलं आहे.

पुढची वार्षिक वाढ १ जानेवारी २०२७ ला. ९३६ वर ४ टक्के ३७ रुपये ४४ पैसे होतात, म्हणजे ९७३.४४. तेव्हा ९७३ लिहायचे, ९७४ नाहीत. वर गोल केलं की त्या पैशांपुरतं का होईना, कायद्याने दिलेल्यापेक्षा जास्त मागितलं असं होतं. त्या नोटिशीचा कोरा मसुदा काकूंच्या पावतीपुस्तकात आत्ताच घालून दिला आहे. तारीख आणि सही तेवढी बाकी आहे.